आजचा रंग कोणता

संध्याकाळी आठला लागणारी ती मालिका मी धंद्यासाठी बघते, असं मी सगळ्यांना सांगत आले. त्यात खोटं काही नव्हतं. अकोल्याच्या जुन्या शहरात माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकराचं कापड एवढंच विकते. दुकान इतकं अरुंद की दोन बायका आत आल्या की तिसरीने पायरीवर उभं राहायचं. हल्ली बायका पिशवीतून साडी काढायच्या आधीच विचारतात, काल तिने घातला होता ना, तसला रंग आहे का? ती म्हणजे मालिकेतली. तिचं नाव कोणी घेत नाही. घरातल्या मुलीबद्दल बोलावं तशा 'ती' म्हणतात आणि मला कळायलाच पाहिजे असं धरून चालतात.

ती म्हणजे मोटार शिकवणाऱ्या शाळेतली शिक्षिका. तो म्हणजे तिच्याकडे गाडी शिकायला आलेला एक बावळट, चांगल्या घरचा मुलगा. गोष्ट एवढीच. त्याला गाडी केव्हाच यायला लागली आहे, पण शिकवणी संपू नये म्हणून तो रोज मुद्दाम क्लच सोडतो आणि भर चौकात गाडी बंद पाडतो. मागचे लोक हॉर्न वाजवतात, ती चिडते, तो माफी मागतो. हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, तिला मात्र माहीत नाही. सुरुवातीला मी या प्रकाराला नावं ठेवली. एक वाक्य बोलायला माणसाला किती महिने लागावेत? माझ्या दुकानात असलं गिऱ्हाईक आलं असतं तर मी त्याला दुसऱ्या दिवशी पायरीवरूनच परत पाठवलं असतं.

तरी आठ वाजले की मी टीव्हीसमोर असायचे. दुकान बंद करून, मोर्णा नदीच्या पुलापाशी भाजी घेऊन, घरी येऊन खिचडी टाकायची आणि कुकरची शिटी व्हायच्या आत पाटाएवढ्या त्या दिवाणावर बसायचं. ज्या दिवशी दुकानात उशीर व्हायचा त्या दिवशी माझा जीव वरखाली व्हायचा. कुलूप लावताना हात चुकायचा. धंद्यासाठी बघणाऱ्या बाईचा हात असा चुकत नाही, हे मलाही समजत होतं.

का बघत होते, तर सांगते. माझं लग्न बघून-दाखवून झालं. नवं प्रेम नावाची काही चीज असेल तर ती आमच्या घरी पोह्यांची बशी रिकामी होईपर्यंत उरकली असावी, कारण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी सासूच्या हाताखाली पुरणाला लागले होते. नवरा वाईट नव्हता. दारू नाही, हात उचलणं नाही, बाजाराच्या दिवशी आठवणीने गरम जिलबी आणायचा. पण त्याने मला कधी असं काही विचारलं नाही, ज्याचं उत्तर ऐकायला तो थांबला असेल. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्यात नोकरीला, सून तिकडचीच. घरात मी आणि टीव्ही. त्या दोघांचं मात्र अजून काहीच झालेलं नसतं, सगळं व्हायचं बाकी असतं. माझ्या घरात सगळं होऊन गेलं होतं. आता काहीतरी होईल, असं रोज अर्धा तास वाटायला मिळतं, त्याची मला चटक लागली होती.

तर आमचा टीव्ही. मुलगा दहावी पास झाला त्या वर्षी नवऱ्याने घेतलेला, पाठीला मोठा खोका असलेला. त्याचा लाल रंग हळूहळू उडाला. एकदम उडाला असता तर लक्षात आलं असतं, पण तो वर्षावर्षाने उडत गेला आणि माझे डोळे त्याला सरावत गेले. त्या टीव्हीत सगळी माणसं कावीळ झाल्यासारखी दिसायची आणि मला वाटायचं, आजकालच्या मालिकांत मेकअपच तसा करतात.

एकदा एक बाई आल्या. मुलीच्या साखरपुड्याला त्यांना मालिकेतल्या तिच्यासारखीच साडी मिळाली होती म्हणे, ब्लाउज तेवढा हवा होता. साडी शिवणाऱ्याकडे फॉलला दिलेली, त्यामुळे सोबत नव्हती. मी म्हटलं, काही काळजी करू नका, मी कालच बघितलाय तो रंग. आणि छातीठोकपणे त्यांना पिस्ता रंगाचा पीस कापून दिला. दोन दिवसांनी बाई परत आल्या. साडी अबोली होती. त्यांनी पीस आणि साडी काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली आणि मला विचारलं, "काकू, तुमच्या घरी ती वेगळी साडी नेसून आली होती का?"

शेजारच्या रंगारीण खाला, सगळ्या गल्लीच्या मावशी, तेव्हा माझ्या पायरीवर बसलेल्या होत्या. खालांचं घर पिढ्यान् पिढ्या कपडे रंगवणारं. माझ्याकडे जो रंग नसेल तो पांढऱ्या रुबियावर, म्हणजे ब्लाउजच्या सुती कापडावर, त्या चढवून देतात. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी बाईंचे पैसे परत केले, नवा पीस दिला, आणि संध्याकाळी टीव्हीच्या माणसाला बोलावलं. त्याने मागचं झाकण उघडलं, फुंकर मारली, आणि याचे पार्ट आता मिळत नाहीत, असं सांगून चहा पिऊन गेला.

मोबाईलवर बघता आलं असतं. सुनेने सगळं करूनही दिलं होतं. पण तळहाताएवढ्या काचेत कापडाचा रंग कळत नाही, आणि एकाच फोटोतली साडी या बाईच्या मोबाईलमध्ये जांभळी तर त्या बाईच्या मोबाईलमध्ये निळी दिसते. म्हणून मी अमरावतीला फोन केला. तिथे आमचे ठोकवाले आहेत. रुबियाचा सगळा माल मी त्यांच्याकडून घेते, नवरा होता तेव्हापासून. त्यांच्याकडचं शेडकार्ड माझ्याकडेही आहे, कापडाचे बोटभर तुकडे चिकटवलेलं, प्रत्येकाखाली नंबर. मी म्हटलं, आजच्या मालिकेत तिच्या ओढणीचा रंग कोणता होता, जरा सांगता का, माझा टीव्ही बिघडलाय. मला वाटलं होतं, ते हसतील. ते म्हणाले, "थांबा ताई." फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, कार्ड उघडल्याचा आवाज आला, मग त्यांनी मला नंबर सांगितला. तेही धंद्यासाठी बघत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी मालिकेतला पहिला ब्रेक लागला आणि त्यांचाच फोन आला. तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगून टाकतो म्हणाले. मग ते ठरूनच गेलं. ब्रेक लागला की फोन. आधी नंबर, मग एखादं वाक्य. त्या मुलाचा त्यांना फार राग यायचा. याला उद्या लायसन मिळालं तर हा काय करणार आहे, असं ते इतक्या काळजीने विचारायचे की जणू त्यांचाच मुलगा नापास होतोय. मी म्हणायचे, होऊ द्या नापास, तेवढीच मालिका चालेल. त्यावर ते हळूच हसायचे. त्यांचं हसणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. दुकानात बसलेला ठोक व्यापारी हसत नाही.

हळूहळू मालिका ब्रेकमधल्या बोलण्याच्या बाहेर राहायला लागली. त्यांची बायको जाऊनही पुष्कळ वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. भावाच्या कुटुंबात राहतात, जेवण सगळ्यांचं झाल्यावर. घरात भांडण नाही, कोणी तोडून बोलत नाही, पण कोणी काही बोलतच नाही. एकदा ते सांगत होते, शर्टाची कॉलर आत दुमडलेली राहते, तसेच ते दुकानात जातात, आणि दुपारी एखादा हमाल सांगतो तेव्हा कळतं. पूर्वी दारातून निघताना कोणीतरी हात लावून ठीक करायचं. मी म्हटलं, आरशात बघत जा. फोन ठेवल्यावर मोरीत तोंड धुवायला गेले तर आरशात माझ्याच गालावर खडूची लांब रेघ होती. कापड कापताना लागलेली, बहुधा सकाळपासूनची. दिवसभरात इतक्या बायका येऊन गेल्या, कोणी सांगितलं नव्हतं. मी ती रेघ लगेच पुसली नाही. थोडा वेळ तशीच उभी राहिले आणि मला रडू आलं.

आता ताई या शब्दाबद्दल सांगायला हवं. एकट्या बाईला बाजारात बसायचं तर ताई व्हावंच लागतं. नवरा गेला तेव्हा मी पहिल्यांदा एकटी अमरावतीला माल घ्यायला गेले, एसटीने. ठोकबाजारात सगळे पुरुष. मी प्रत्येकाला भाऊ म्हटलं, प्रत्येकाने मला ताई म्हटलं, आणि मी निर्धास्त झाले. त्या शब्दाच्या आधाराने मी दुकान चालवलं आहे. उधारी मागायला आलेला माणूस ताई म्हणतो, चावट थट्टा करणाऱ्यालाही ताई म्हणावं लागतं आणि मग त्याची थट्टा तिथेच आटपते. या ठोकवाल्यांनीही पहिल्या दिवसापासून ताईच म्हटलं. राखी मात्र मी त्यांना कधी पाठवली नाही. तेव्हा आळस केला होता, आता त्या आळसाचं बरं वाटत होतं.

पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी फोन झाला आणि ठेवल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. खिचडी वाढून घेतली, खाल्ली, ताट धुतलं, तेव्हा लक्षात आलं. त्या दिवशी ते पूर्ण ब्रेकभर बोलले आणि एकदाही ताई म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी कान देऊन ऐकलं. नव्हतेच म्हणत. 'तुमी' म्हणत होते, 'आयका ना' म्हणत होते, आणि जिथे ताई यायचं तिथे किंचित थांबून पुढे जात होते. मग माझ्याही लक्षात आलं की मी त्यांना कित्येक दिवसांत भाऊ म्हटलेलं नाही. ते कधी सुटलं, मला आठवत नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या बाईने एवढ्यावरून हुरळून जाऊ नये. मी गेले. आरशात जास्त वेळ उभी राहायला लागले. घरी घालायचा गाऊन सोडून आठच्या आत साडी नेसून बसायला लागले, फोनवर साडी दिसत नाही हे माहीत असूनही. दुकानात गिऱ्हाइकांवर ओरडणं कमी झालं, तर खालांनी मला तब्येत बरी आहे का म्हणून विचारलं.

खालांनी एकदाच तो विषय काढला. रंगवलेलं कापड द्यायला आल्या होत्या, बोटं नेहमीसारखी निळी. म्हणाल्या, "तू टीव्ही काहून नाई बदलत बेटा? पैसे तर हायेत तुह्याजवळ." मी म्हटलं, चालतोय तोवर चालू दे, यजमानांची आठवण आहे. नवऱ्याची आठवण मी अशी मध्ये घातली आणि खाला पुढे काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. त्या फक्त कापड नीट घडी करून काउंटरवर ठेवून गेल्या.

दिवाळीच्या थोडं आधी, ब्रेक संपत आला असताना, ते म्हणाले, "कार्तिकात कौंडण्यपूरले जत्रा असते. मी दरसाल जातो. तुमी कधी आल्या का तिकडं?"

लहानपणी गेले होते, अमरावतीवरून, वडिलांच्या खांद्यावर बसून. नदी आठवते, बाकी काही नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, नदीला या दिवसांत पाणी चांगलं असतं. एवढंच. मालिका सुरू झाली, फोन ठेवला. त्या दिवशी पुढे मालिकेत काय झालं ते मला माहीत नाही. मी कॅलेंडरवर कार्तिक बघत होते, अकोल्याहून अमरावतीची गाडी किती वाजता सुटते ते आठवत होते, आणि खालांना दुकानाकडे लक्ष ठेवायला काय कारण सांगायचं ते शोधत होते. त्यांनी 'या' म्हटलं नव्हतं. पण त्यांनी विचारलं होतं, आणि माझं उत्तर ऐकायला थांबले होते.

दिवाळीला मुलगा आणि सून आले. सोबत खोका. भिंतभर मोठा टीव्ही. मुलाने मला सांगितलंच नव्हतं, त्याला मला चकित करायचं होतं. दुपारभर भिंतीला भोकं पाडून त्याने तो बसवला. जुना टीव्ही उचलून बाहेर ओट्यावर ठेवला, तर भंगारवाला संध्याकाळच्या आत घेऊनही गेला. मला नको म्हणायला कारण नव्हतं. पोराने कौतुकाने आणलं होतं. त्याला म्हणे माझ्या डोळ्यांची काळजी वाटत होती.

आठला मालिका लागली. मुलगा एका बाजूला, सून एका बाजूला, मध्ये मी. ती आली, कुंकवाच्या रंगाचा कुर्ता घालून, आणि मी दचकलेच. लाल रंग इतका लाल असतो हे मी विसरून गेले होते. तिचे गाल गव्हाळ होते, कावीळ वगैरे काही नव्हती. मग तो आला. तिने त्याला काहीतरी झापलं, त्याने मान खाली घातली, कॅमेरा जवळ गेला, आणि मला दिसलं की त्याचे कान लाल होतात. ती बोलली की लाल व्हायचे. प्रत्येक वेळी. सुनेला विचारलं, हे आजच का? सून हसली. म्हणाली, "आई, ते तर पहिल्यापासून होतात. त्याच्यावरच तर अख्खी मालिका आहे."

इतके महिने मी रोज बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. माझ्या टीव्हीत लालच नव्हता. अमरावतीला मात्र ते रोज दिसत होतं. त्यांनी मला ओढण्यांचे, कुर्त्यांचे, पडद्यांचेसुद्धा रंग सांगितले, कानांचा रंग कधी सांगितला नाही. का सांगितला नसेल, याचा विचार करायला मला खूप आवडलं असतं. पण तेवढ्यात ब्रेक लागला आणि फोन वाजला.

फोन मुलाच्या जवळ होता. त्याने नाव बघून कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, ठोकवाले आहेत, टीव्ही बिघडल्यापासून रोज रंग सांगतात. म्हणाला, तू बस, मी बोलतो. आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून त्याने स्पीकर लावला. मला सख्खा भाऊ नाही. मुलगा लहान असताना दिवाळीच्या सुट्टीत सगळी पोरं मामाच्या गावाला जायची आणि हा गल्लीत एकटा राहायचा. त्याच्या मनात काही काळंबेरं असणं शक्यच नव्हतं. आई एकटी असते, तिची विचारपूस करणारं कोणी आहे, याचाच त्याला आनंद झाला होता.

"नमस्कार मामा," तो म्हणाला. "मी मुलगा बोलतोय. तुम्ही आईला रोज एवढी मदत करता, तिने सांगितलं. आता तुम्हाला त्रास नाही. मी नवा टीव्ही आणलाय."

त्यांच्या खोलीतली तीच जाहिरात आमच्या खोलीतल्या जाहिरातीच्या किंचित मागून ऐकू येत होती. मग ते बोलले. आवाज दुकानातला होता.

"चांगलं केलं बेटा," ते म्हणाले. "ताईले आता सगळं साफ दिसन."

मुलाने त्यांना पुण्याला यायचं आमंत्रण दिलं. त्यांनी हो हो म्हटलं. फोन माझ्या हातात येईपर्यंत तो बंद झाला होता. सून म्हणाली, किती गोड माणूस आहे. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच चकल्यांचा डबा उघडून बंद केला. मला मुलाचा राग आला होता, आणि राग यावा असं त्याने काही केलेलं नव्हतं.

भाऊबीज झाली, ती दोघं पुण्याला गेली. त्यानंतर ब्रेक लागायचा, संपायचा, पुन्हा लागायचा. फोन मांडीवर घेऊन मी बसायचे. त्या मोठ्या टीव्हीमुळे खोली आणखी रिकामी वाटायची. त्यातली माणसं माझ्यापेक्षा मोठी दिसायची. चार दिवस मी वाट बघितली आणि मग स्वतःच फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं की नवा टीव्हीसुद्धा बिघडला, लाल दिसतच नाही.

ते म्हणाले, "गॅरंटीत असंन ना ताई. कंपनीच्या माणसाले बोलवा."

ते चेष्टा करत नव्हते. खरंच सल्ला देत होते. ताईला तिच्या भावाने जेवढ्या आस्थेने द्यावा तेवढ्या आस्थेने. दुसऱ्याच्या पोराने मामा म्हटल्यावर त्या शब्दाचा मान ठेवणाऱ्यांपैकी ते होते. आणि तसे होते म्हणूनच तर मला आवडले होते, हे मी आता लिहूनच टाकते. ते मला आवडले होते.

जत्रा दोन दिवसांवर आली. खालांना मी सांगून ठेवलं होतं की एखाद्या दिवशी मला बाहेरगावी जावं लागेल. खालांनी कुठे म्हणून विचारलं नाही. आठला मालिका लागली. त्या दिवशी त्याची परीक्षा होती, लायसनची. तो गाडीत बसला, ती बाहेर उभी, आणि आता तो गाडी नीट चालवतो की बंद पाडतो, यावर सगळं अडलेलं. ब्रेक लागला. मी फोन लावला.

त्यांनी उचलला. "बोला ताई," म्हणाले.

"मले ताई नोका म्हणू," मी म्हटलं.

एवढी वर्षं अमरावतीच्या व्यापाऱ्याशी मी शुद्ध बोलत आले होते. त्या वेळी माझ्या तोंडून आमच्या घरातली बोली निघाली. पलीकडून श्वास ऐकू येत होता, म्हणजे त्यांनी फोन ठेवला नव्हता. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू.

"मंग काय म्हणू?"

ते रागावलेले नव्हते. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी काही म्हटलं असतं तर ते त्यांनी म्हटलं असतं, असं मला आजही वाटतं. पण माझ्याकडे शब्दच नव्हता. ताई नाही, वहिनी नाही, काकू नाही, मग आमच्याकडे एका बाईला एक माणूस काय म्हणतो? नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नव्हतं. माझं नाव बँकेच्या पुस्तकात आणि आधार कार्डावर असतं. ते त्यांना सांगावं, हे मला तेव्हा सुचलं नाही. नंतर सुचलं, त्याच रात्री नव्हे, पुष्कळ दिवसांनी, एका गिऱ्हाइकाला अस्तर मोजून देताना. शेडकार्डावर दोन रंगांच्या मधला रंग कोणी मागितला तर मी सांगते, असा येत नाही, खालांकडून चढवून घ्यावा लागेल. त्यांना तेवढंसुद्धा मी सांगू शकले नाही.

त्यांच्या टीव्हीवर मालिका पुन्हा सुरू झाली, माझ्याकडेही झाली. ते म्हणाले, पार्सल सकाळच्या गाडीने टाकतो. मी बरं म्हटलं. फोन ठेवला तेव्हा मालिकेतला तो गाडी सरळ चालवून दाखवत होता. वळणावर हात न थरथरता, सफाईने. तिला सगळं कळलं होतं आणि ती रस्त्याच्या कडेला उभी राहून रडत होती, हसत होती. त्याचे कान लाल झालेले होते. दुसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकीला तिच्या त्या साडीचा रंग हवा होता. गुलबक्षी होता. मला कोणाला विचारावं लागलं नाही.

जत्रेला मी गेले नाही. ते गेले की नाही, माहीत नाही. मालिका त्यानंतर थोड्या दिवसांनी संपली, आणि त्या जागी दुसरी लागली आहे, तीही नव्याने प्रेमात पडणाऱ्यांचीच. बायका म्हणतात, पहिलीसारखी मजा नाही. मी बघते, रंगासाठी.

माल अजून अमरावतीहूनच येतो. पार्सल सुटलं की त्यांचा फोन येतो, सकाळी, दुकानाच्या वेळेत. ताई म्हणत नाहीत. मी सांगितलेलं त्यांनी ऐकलं आहे. दुसरंही काही म्हणत नाहीत. बोलणं सुरूच होतं ते माल पोचला का, इथून. मी पोचला म्हणते. मग ते थोडं थांबतात, मीही थांबते, आणि दारात गिऱ्हाईक उभं असतं.